तलफ कुठली आणि नैराश्य कुठलं

सिगरेट ओढणाऱ्या मेडिकलच्या विद्यार्थ्याला सिगरेटचे दुष्परिणाम सांगण्यात फारसा अर्थ नाही. फुप्फुसाच्या कर्करोगाची स्लाइड त्याने मायक्रोस्कोपखाली पाहिलेली असते, सीओपीडीच्या (श्वास कोंडणाऱ्या जुनाट फुप्फुसविकाराच्या) रुग्णाची हिस्ट्री स्वतः घेतलेली असते. त्याला नीट कुणी समजावून सांगत नाही ती गोष्ट वेगळी आहे. सिगरेटने डोकं शांत होतं असं जे वाटतं ते नेमकं कशामुळे वाटतं, आणि त्या वाटण्याआड खरं नैराश्य महिनोन्‌महिने कसं दडून राहतं, हे त्याला माहीत असायला हवं. तलफ आणि नैराश्य ही दोन्ही दुखणी एकमेकांची सोंगं घेतात. ती वेगळी ओळखायची आणि उपचार मात्र एकत्र करायचे, एवढ्यासाठी हे सगळं सविस्तर लिहिलं आहे.

सुरुवात फार्माकॉलॉजीपासूनच करू. झुरका घेतल्यावर साधारण १० ते २० सेकंदांत निकोटीन मेंदूत पोचतं. तिथल्या व्हेंट्रल टेगमेंटल एरिया या भागातल्या निकोटिनिक रिसेप्टरवर (निकोटीन पकडणाऱ्या जागांवर), मुख्यतः अल्फा-४ बीटा-२ प्रकारच्या, ते बसतं आणि न्यूक्लियस ॲक्युम्बन्स या दुसऱ्या भागात डोपामिन हे सुखावणारं रसायन सुटतं. इथवर पुस्तकात असतं. पुढचा भाग परीक्षेला येत नाही म्हणून निसटतो. रक्तातल्या निकोटीनची हाफ-लाइफ (प्रमाण निम्म्यावर यायला लागणारा वेळ) जेमतेम २ तासांची आहे, आणि रोज ओढणाऱ्याच्या मेंदूत या रिसेप्टरांची संख्या वाढलेली असते. वाढलेले रिसेप्टर रिकामे पडू लागले की माणूस अस्वस्थ होतो.

एका नाइट ड्युटीत हे कसं घडतं ते पाहा. रात्री ११ वाजता शेवटची सिगरेट ओढून विद्यार्थी वॉर्डात येतो. १ वाजेपर्यंत निकोटीन निम्म्यावर आलेलं असतं, ३ वाजेपर्यंत पावावर. तीनच्या सुमारास केसपेपरमधली एकच ओळ दोनदा वाचावी लागते, हात शिवशिवतात, सिस्टरने विचारलेला साधा प्रश्न टोचतो. मग चार वाजता तो जिन्यात जाऊन सिगरेट पेटवतो आणि दोन मिनिटांत सगळं निवळतं. त्याच्या मनात नोंद होते की ड्युटीचा ताण सिगरेटने गेला. प्रत्यक्षात ड्युटीचा ताण तिथेच आहे. गेली ती फक्त ११ वाजताच्या सिगरेटने मागे ठेवलेली तूट. शेजारी बसलेला, सिगरेट न ओढणारा सहकारी तीन वाजता दमलेला असतो, पेंगुळलेला असतो, पण ही जास्तीची चिडचिड त्याच्या वाट्याला आलेलीच नसते. वर, सकाळी दोघेही झोपायला जातात तेव्हा ओढणाऱ्याला झोप लागायला वेळ लागतो आणि खोल झोप कमी मिळते. म्हणजे पुढच्या ड्युटीला तो आधीच मागे पडलेला असतो.

आणखी एक गोष्ट फारशी बोलली जात नाही. धुरातले काही घटक (निकोटीन नव्हे) मेंदूतलं मोनोअमाइन ऑक्सिडेज (एमएओ) हे डोपामिनसारखी रसायनं मोडणारं एन्झाइम दाबतात. १९९६ साली प्रसिद्ध झालेल्या पेट स्कॅनच्या अभ्यासात धूम्रपान करणाऱ्यांच्या मेंदूत त्याचा एमएओ-बी हा प्रकार सुमारे ४० टक्के कमी आढळला होता. हे एन्झाइम दाबणारी औषधं नैराश्यावर वापरली गेली आहेत, हे आठवलं की पुढचं लक्षात येतं. सिगरेट सुटली की एन्झाइम पूर्ववत होऊ लागतं आणि पहिल्या काही दिवसांत मन खाली बसतं. निकोटीनचा पॅच (त्वचेवर चिकटवायची पट्टी) लावूनही काहींना उदास का वाटतं, याचं एक कारण यात असू शकतं, कारण पॅचमधून निकोटीन मिळतं, धूर मिळत नाही.

याचा अर्थ सिगरेट नैराश्यावर औषध आहे असा मात्र मुळीच होत नाही. नैराश्य असलेली माणसं जास्त प्रमाणात ओढतात, जास्त अवलंबून असतात आणि सोडताना त्यांना त्रासही जास्त होतो, हे खरं आहे. पण उलट दिशेनेही तेवढंच खरं आहे. २०१४ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये २६ अभ्यासांचं एकत्रित विश्लेषण आलं. ज्यांनी सिगरेट सोडली त्यांचं नैराश्य, चिंता आणि ताण, ओढत राहिलेल्यांच्या तुलनेत कमी झाला होता. हा फरक अँटीडिप्रेसंट गोळ्यांनी पडणाऱ्या फरकाएवढा किंवा त्याहून थोडा जास्तच होता. आधीपासून मानसिक आजार असलेल्यांमध्येही तो दिसला. म्हणून ‘आधी मन थाऱ्यावर येऊ दे, मग सिगरेट बघू’ हा सल्ला, कितीही मायेने दिला तरी, चुकीचा आहे.

वैद्यकीय शिक्षणात नैराश्य किती आहे याचा एक मोठा अंदाज २०१६ साली जामा या नियतकालिकात आला. ४३ देशांतल्या अभ्यासांवरून काढलेला आकडा होता २७.२ टक्के. आत्महत्येचे विचार ११.१ टक्के विद्यार्थ्यांमध्ये होते. आणि ज्यांची चाचणी नैराश्याच्या बाजूने आली त्यांच्यापैकी उपचार घेतलेले फक्त १५.७ टक्के. मला यातला शेवटचा आकडा सर्वांत अस्वस्थ करतो. उपचार दोन मजले खाली आहेत, आणि तिथवर कुणी जात नाही.

न जाण्याची कारणं सगळ्यांना माहीत आहेत. ओपीडीत बसलेले डॉक्टर उद्या व्हायवाला समोर असतील. रजिस्टरवर नाव चढेल. बॅचमध्ये कळेल. सिगरेटला यातलं काहीच लागत नाही. शिवाय तिच्यासोबत एक गोष्ट फुकट मिळते, ती म्हणजे बाहेर जायची परवानगी. ‘जरा बाहेर जाऊन येतो’ म्हणणाऱ्या ओढणाऱ्याला कुणी अडवत नाही. न ओढणाऱ्याने त्याच शब्दांत दहा मिनिटं मागितली तर ते कामचुकारपणात मोजलं जातं. ज्या पेशात दमलो म्हणायची सोय नाही, तिथे सिगरेट हे थांबायचं एकमेव मान्य निमित्त होऊन बसतं. सोडताना शरीराला निकोटीनची उणीव भासते हे सगळेच सांगतात. त्या दहा मिनिटांची उणीव त्याहून जास्त छळते, आणि तिचा विचार आधीच करून ठेवला नाही तर पॅच कितीही चांगला असो, चौथ्या-पाचव्या दिवशी माणूस पुन्हा जिन्यात दिसतो.

आता प्रत्यक्ष काय करायचं ते.

आधी अवलंबित्व मोजा. दोन प्रश्न पुरतात. पहिला, जाग आल्यापासून पहिली सिगरेट किती वेळाने? ५ मिनिटांच्या आत असेल तर ३ गुण, ६ ते ३० मिनिटं २ गुण, ३१ ते ६० मिनिटं १ गुण, त्यानंतर ०. दुसरा, दिवसाला किती? १० किंवा कमी ०, ११ ते २० ला १, २१ ते ३० ला २, त्याहून जास्त असतील तर ३. बेरीज ४ किंवा जास्त आली तर अवलंबित्व बळकट आहे आणि नुसत्या निर्धारावर विसंबू नये. विद्यार्थ्यांच्या बाबतीत दुसरा प्रश्न फसवतो, कारण सुट्टीत तीन आणि परीक्षेच्या आठवड्यात वीस असा प्रकार असतो. पहिल्या प्रश्नावर जास्त भर द्या. नाइट ड्युटीनंतर दुपारी उठत असाल तर ‘जाग आल्यापासून’ म्हणजे दुपारी उठल्यापासून.

मग त्याच दिवशी नैराश्य मोजणारी पीएचक्यू-९ ही प्रश्नावली भरा. गेल्या दोन आठवड्यांबद्दलचे नऊ प्रश्न, प्रत्येकाला ० ते ३, एकूण २७. १० किंवा जास्त गुण आले तर तपासणी हवी. १५ पासून नैराश्य बऱ्यापैकी तीव्र, २० पासून तीव्र मानतात. ही चाचणी सिगरेट सोडण्याच्या आधी भरायची असते, आणि नेमकी हीच पायरी जवळजवळ सगळे वगळतात. सोडल्यावर झोप बिघडते, लक्ष लागत नाही, भूक बदलते, बेचैनी येते, मन खट्टू होतं. पीएचक्यू-९ मधल्या पाच प्रश्नांना यामुळे आपोआप गुण मिळतात. आधीचा आकडा हाती नसेल तर नंतरच्या आकड्याला काही अर्थ लावता येत नाही.

फरक ओळखायचा तो वेळेवरून. निकोटीन तुटल्याचा त्रास शेवटच्या सिगरेटनंतर ४ ते २४ तासांत सुरू होतो, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी टोक गाठतो आणि २ ते ४ आठवड्यांत ओसरतो. उतार सरळ नसतो, मध्येच एखादा दिवस वाईट जातो, पण एकूण दिशा खालची असते. म्हणून पीएचक्यू-९ पुन्हा दोन आठवड्यांनी आणि चार आठवड्यांनी भरा. दुसऱ्या आठवड्यानंतर गुण चढत असतील, किंवा चौथ्या आठवड्यात ते आधीपेक्षा जास्त असतील, तर त्याला तलफ म्हणू नका. ते नैराश्य आहे असं धरून चाला आणि डॉक्टरांकडे जा. काही लक्षणं तलफेच्या खात्यात सहसा जातच नाहीत. आपण कुचकामी आहोत, सगळ्यांना भार आहोत, ही भावना त्यातली एक. सकाळी उठताच सगळ्यांत जड वाटणं आणि संध्याकाळकडे थोडं हलकं होणं, ही दुसरी. तलफेतली चिडचिड सिगरेट मिळाली की मिनिटांत जाते, आणि सिगरेट ओढूनही मन तितकंच मेलेलं राहत असेल तर ते तलफेचं काम नव्हे.

नववा प्रश्न वेगळा आहे. मरून गेलेलं बरं, किंवा स्वतःला इजा करावी, अशा विचारांबद्दल तो विचारतो. तिथे शून्याव्यतिरिक्त कुठलाही गुण असेल तर चार आठवडे थांबायचं नाही, एकूण बेरीज किती हेही पाहायचं नाही. त्याच दिवशी माणसाशी बोलायचं. मनात योजना असेल तर एकटं राहायचं नाही, खोलीतली औषधं दुसऱ्याच्या ताब्यात द्यायची आणि सरळ इमर्जन्सीत जायचं, मग ती आपल्याच हॉस्पिटलची असली तरी. रूममेट असाल तर थेट विचारा: ‘जीव द्यावासा वाटतो का?’ असं विचारल्याने तो विचार डोक्यात पेरला जातो ही समजूत खोटी आहे. उलट कुणीतरी स्पष्ट विचारलं याचाच आधार वाटतो. उत्तर हो आलं तर गुप्त ठेवायचं वचन देऊ नका आणि सोबत जा.

सोडण्याची तारीख ठरवताना सोमवार, महिन्याची पहिली तारीख किंवा वाढदिवस असा मुहूर्त काढू नका. टोकाचा त्रास ४८ ते ७२ तासांत येतो, तेवढं गणित करा. रविवारी रात्री शेवटची ओढली तर तो मंगळवार-बुधवारी, भर वॉर्डात येईल. गुरुवारी रात्री थांबलात तर शनिवार-रविवारी येईल. परीक्षा चार आठवड्यांहून लांब असेल तर आत्ताच सोडा, पेपर लिहायला बसाल तेव्हा लक्ष पूर्ववत झालेलं असेल. परीक्षा दोन आठवड्यांवर असेल तर आज पूर्ण थांबण्याची सक्ती नाही, पण हात बांधून बसायचंही कारण नाही. पॅच सुरू करून सिगरेटी निम्म्यावर आणता येतात. आणि ‘शेवटचा पेपर झाला की त्याच संध्याकाळी सोडतो’ हा बेत सोडून द्या. त्या संध्याकाळी सगळे जमलेले असतात, दारू असते, झोप तुटलेली असते. तीन-चार दिवस झोप भरून काढा आणि मग तारीख धरा.

दिवसाला १० पेक्षा जास्त सिगरेटी असतील तर २४ तासांचा पॅच २१ मिलिग्रॅमपासून सुरू होतो: ६ आठवडे २१, मग २ आठवडे १४, मग २ आठवडे ७. १० किंवा कमी असतील तर सुरुवात १४ पासून. दंडाच्या वरच्या भागावर किंवा छातीवर, कोरड्या, केस नसलेल्या त्वचेवर लावून १० सेकंद दाबून धरा. जागा रोज बदला, त्याच ठिकाणी आठवडाभर परत लावू नका. लावल्यावर हात धुवा, नाहीतर डोळे चोळले की चुरचुरतात. काढलेल्या पॅचमध्येही निकोटीन शिल्लक असतं, तो आत दुमडून मुलांच्या हाती लागणार नाही असा टाका. विचित्र, जिवंत स्वप्नं पडू लागली तर झोपण्याआधी पॅच काढा. नाइट ड्युटीवाल्यांची झोप सकाळी असते, तेव्हा काढायची वेळ सकाळ आणि लावायची वेळ उठल्यानंतरची. घड्याळ पाहू नका, झोप पाहा.

पॅचचं निकोटीन संथ गतीने येतं. अचानक उसळणारी तलफ त्याने भागत नाही, म्हणून सोबत निकोटीनचा गम हवाच. दोन्ही मिळून एकट्या पॅचपेक्षा जास्त लोकांची सिगरेट सुटते, हे आता पक्कं झालं आहे. उठल्यावर ३० मिनिटांच्या आत पहिली सिगरेट लागत असेल तर ४ मिलिग्रॅमचा गम, नसेल तर २ चा.

आणि गम कसा चघळायचा यावर सगळं अवलंबून आहे, तरी ते कुणी दाखवत नाही. तोंडात टाकून हळूहळू दहा-पंधरा वेळा चावा. मिरमिरल्यासारखी चव आली किंवा झिणझिण्या आल्या की थांबा. गम गाल आणि हिरडी यांच्यामध्ये सारून ठेवा. मिनिटभराने झिणझिण्या विरल्या की पुन्हा चार-पाच वेळा चावा आणि दुसऱ्या बाजूला ठेवा. असं अर्धा तास. साध्या च्युइंग गमसारखा भराभर चावला तर निकोटीन लाळेबरोबर पोटात जातं, यकृतातच बरंचसं मोडतं, आणि हाती लागतात उचक्या, मळमळ आणि जळजळ. मग लोक म्हणतात की गम सोसत नाही. दुसरी चूक पेयांची. निकोटीन हा दुबळा बेस (अल्कधर्मी पदार्थ) आहे. तोंडातला पीएच आम्लाकडे झुकला की ते आयनित (विद्युतभारित) होतं आणि गालाच्या अस्तरातून आत जात नाही. म्हणून गमच्या आधी १५ मिनिटं आणि गम तोंडात असताना कॉफी, फळांचा रस, कोला काहीही नको, फक्त पाणी. तिसरी चूक मात्रेची. पॅचशिवाय एकटा गम वापरणाऱ्याला पहिले सहा आठवडे दर एक-दोन तासांनी एक, म्हणजे दिवसाला निदान ९ लागतात. कमाल मर्यादा २४. बहुतेक जण तीन-चार खातात आणि गमला दोष देतात.

व्हॅरेनिक्लिन हे सिगरेट सोडायला मदत करणारं औषध डॉक्टरांच्या सल्ल्यानेच घ्यायचं: पहिले ३ दिवस ०.५ मिलिग्रॅम दिवसातून एकदा, चौथ्या ते सातव्या दिवशी ०.५ दोनदा, आठव्या दिवसापासून १ मिलिग्रॅम दोनदा, एकूण १२ आठवडे. सिगरेट आठव्या दिवशी थांबवायची. मळमळ हा मुख्य त्रास, तो उपाशीपोटी घेतल्याने वाढतो. जेवणानंतर ग्लासभर पाण्याबरोबर घ्या. राउंडच्या घाईत सकाळचं खाणं चुकवणाऱ्यांनी हे विशेष लक्षात ठेवावं. या औषधाने आत्महत्येचे विचार येतात ही धास्ती अजून अनेकांच्या मनात आहे, कारण २००९ साली अमेरिकेच्या एफडीए या औषध-नियामक संस्थेने त्यावर ठळक इशारा छापायला लावला होता. पुढे ८,००० हून जास्त लोकांवर चाचणी झाली, त्यातल्या निम्म्या लोकांना मानसिक आजार होता किंवा पूर्वी होऊन गेला होता. २०१६ साली निष्कर्ष आले, गंभीर मानसिक त्रासात लक्षणीय वाढ दिसली नाही आणि त्याच वर्षी तो इशारा काढला गेला. नैराश्य आहे म्हणून हे औषध नाकारू नये, पण पहिल्या आठवड्यांत कुणीतरी विचारपूस करत राहायला हवं.

ब्युप्रोपिऑन नैराश्यावरही चालतं आणि सिगरेट सोडायलाही मदत करतं, म्हणून या विद्यार्थ्यांसाठी ते पहिलंच नाव सुचतं. १५० मिलिग्रॅम एसआर (हळूहळू सुटणारी गोळी) तीन दिवस एकदा, मग दोनदा. दोन गोळ्यांत किमान ८ तासांचं अंतर, आणि दुसरी झोपायच्या तोंडावर नको, कारण झोप उडते. सिगरेट दुसऱ्या आठवड्यात थांबवायची. फिट येण्याचा इतिहास, बुलिमिया किंवा ॲनोरेक्सिया, किंवा भरपूर दारू पिऊन एकदम बंद करणं, यांपैकी काही असेल तर हे औषध द्यायचं नाही. विद्यार्थी यातली शेवटची माहिती डॉक्टरांपासून हमखास लपवतात, आणि नेमकी तीच धोक्याची आहे.

एसएसआरआय या गटातल्या अँटीडिप्रेसंटबद्दल एक गैरसमज आहे. ती औषधं नैराश्यावर चांगली आहेत, पण सिगरेट सोडायला त्यांची मदत होते असं अभ्यासांत दिसलेलं नाही. म्हणून नुसती एसएसआरआय देऊन पाठवलेला विद्यार्थी ओढतच राहतो, आणि नुसता पॅच दिलेला उदासच राहतो. दोन्ही लागत असतील तर दोन्ही द्यावं. फक्त व्हॅरेनिक्लिन आणि एसएसआरआय शक्यतो एकाच दिवशी सुरू करू नयेत, दोन्हींनी मळमळतं आणि मग दोष कुणाचा ते कळत नाही. एसएसआरआयचा गुण यायला काही आठवडे लागतात. २५ वर्षांखालच्यांना अँटीडिप्रेसंट सुरू करताना पहिल्या आठवड्यांत आत्महत्येच्या विचारांवर लक्ष ठेवावं लागतं. मेडिकलचे बहुतेक विद्यार्थी याच वयात येतात. त्यामुळे मित्राकडून चिठ्ठी लिहून घेऊन परस्पर गोळ्या सुरू करणं हा धोका आहे, सोय नव्हे. आपल्याला गुण देणार नाहीत अशा, शक्य असेल तर दुसऱ्या संस्थेतल्या डॉक्टरांकडे जा.

आता चहा-कॉफी. धुरातले पॉलिसायक्लिक ॲरोमॅटिक हायड्रोकार्बन यकृतातलं सीवायपी-१ए२ वाढवतात, आणि कॅफिन याच एन्झाइमने मोडतं. सिगरेट बंद झाली की काही दिवसांत एन्झाइम खाली येतं आणि तितक्याच कॉफीने रक्तातलं कॅफिन जवळपास दुप्पट होऊ शकतं. त्यात सिगरेटच्या वेळी हाताला काहीतरी हवं म्हणून कप वाढलेले असतात. छाती धडधडते, हात थरथरतात, झोप येत नाही, आणि विद्यार्थी म्हणतो की सिगरेटशिवाय जगणं अशक्य आहे. तो त्रास कॅफिनचा असतो. ज्या दिवशी सिगरेट थांबेल त्याच दिवशी चहा-कॉफी निम्म्यावर आणा. ओलान्झापिन, क्लोझापिन, ड्युलोक्सेटिन, फ्लुवोक्सामिन या मानसिक आजारांवरच्या औषधांपैकी काही सुरू असेल तर सोडण्याची तारीख डॉक्टरांना आधी सांगा, मात्रा बदलावी लागू शकते. पॅच आणि गमने हे एन्झाइम वाढत नाही, त्यामुळे ते लावूनही हा बदल होतोच.

व्हेपिंगवर जाणं हा मार्ग मी सुचवणार नाही. सिगरेट संपते तरी, ते उपकरण संपत नाही, ते दिवसभर खिशात आणि रात्री उशाशी असतं. आपण किती ओढतो हेच कळेनासं होतं.

मनाच्या बाजूने करायचं काम औषधाइतकंच मोजूनमापून करावं लागतं. निकोटीन बाकीच्या गोष्टींची गोडीही वाढवत असतं. ते गेलं की दोन-तीन आठवडे गाणं, गप्पा, खेळ सगळं अळणी लागतं. म्हणून ‘मन लागेल तेव्हा करू’ असं ठरवलं तर काहीच होत नाही. रोज दोन गोष्टी वेळेसकट लिहून ठेवा, एक शरीर हलवणारी, एक माणसात नेणारी, आणि मन नसताना करा. केल्यावर बरं वाटलं त्याला ० ते १० गुण द्या. सुरुवातीला २-३ येतील. सिगरेटचीच उदासी असेल तर महिनाभरात ते चढताना दिसतात, चढत नसतील तर ती माहिती डॉक्टरांच्या कामाची आहे. तलफ आली की दहा मिनिटं झपझप चाला. तलफ एरवीही काही मिनिटांतच उतरते, आणि थोड्याशा व्यायामाने तिची धार कमी होते हे अभ्यासांत दिसलं आहे.

ती दहा मिनिटं मात्र सोडू नका. सोडण्याच्या आदल्या दिवशी सीनियरला सांगा की ड्युटीत दर तीन-चार तासांनी दहा मिनिटं बाहेर जाणार आहे. जिना बदला. ज्या मित्रांबरोबर ओढत होता त्यांना टाळायची गरज नाही, पण पहिले दोन आठवडे त्यांच्याबरोबर जेवा आणि जिन्यापाशी थांबू नका. आणि जे सीनियर आहेत, इंटर्न आहेत, युनिट चालवतात, त्यांना कळकळीची विनंती आहे: न ओढणाऱ्यालाही तीच दहा मिनिटं, न मागता द्या. यासाठी ना निधी लागतो ना समिती.

पहिल्या आठवड्यात एखादी सिगरेट ओढली जाण्याची शक्यता सर्वांत जास्त असते. ओढली गेली तर पॅच काढून टाकू नका, दुसऱ्या दिवशीही लावा. नैराश्य असलेल्याचं मन अशा वेळी लगेच ‘माझ्याच्याने काहीच होत नाही’ इथे जाऊन पोचतं, आणि पाकीट त्या विचाराने संपतं, तलफेने नव्हे. त्यामुळे त्या संध्याकाळी एवढंच लिहा: किती वाजता, कुठे, कुणाबरोबर, त्याआधी किती तास झोप झाली होती, शेवटचं कधी खाल्लं होतं. तीन-चार नोंदींत एकच कारण पुन्हा पुन्हा दिसू लागतं. बहुधा ते न झालेली झोप किंवा रिकामं पोट असतं, आणि त्यावर उपाय करता येतो.

विशीतल्या माणसाच्या पदरात यातून किती पडतं हेही सांगायला हवं. १९५१ साली सुरू झालेल्या ब्रिटिश डॉक्टरांच्या अभ्यासाचा ५० वर्षांचा हिशोब २००४ साली आला. ओढत राहिलेले डॉक्टर न ओढणाऱ्यांपेक्षा सरासरी १० वर्षं आधी गेले. पन्नाशीत सोडलेल्यांनी त्यातली सुमारे ६ वर्षं परत मिळवली, आणि तिशीला सोडलेल्यांनी जवळपास सगळी १०.

दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी, एका आठवड्याने, दोन आठवड्यांनी, चार आठवड्यांनी आणि तीन महिन्यांनी कुणीतरी फोन करेल अशी व्यवस्था आधीच करून ठेवा. डॉक्टर नसतील तर बॅचमधला एक जण चालेल, मात्र तो न ओढणारा असावा, आणि सिगरेट व मन या दोन्हींबद्दल त्याने विचारावं. पॅचचे दहा आठवडे संपल्यावर गमचं एक पाकीट ॲप्रनच्या खिशात राहू द्या. पुढच्या परीक्षेच्या आठवड्यात दिवसाला एक-दोन गम लागले तर त्यात काही गैर नाही. त्याच आठवड्यात पीएचक्यू-९ मात्र पुन्हा एकदा भरा.